औषधक्रियाविज्ञान : पदव्युत्तर अध्ययन

औषधक्रियाविज्ञान किंवा फार्माकॉलॉजी या विषयात वैद्यक, औषधनिर्माणशास्त्र वा जीववैद्यकीय शाखेच्या पदवीनंतर घेतले जाणारे वर्गाध्ययन, प्रात्यक्षिके आणि प्रबंधपूर्व शिक्षण. औषधाचे शरीरावरील परिणाम, शरीराने औषधाची लावलेली विल्हेवाट, विषाक्तता, नव्या द्रव्यांची चाळणी-परीक्षा आणि रुग्णांवरील चाचण्यांचे तंत्र हे त्याचे मुख्य भाग आहेत. पदवीच्या पातळीवर विद्यार्थी औषधे ‘शिकतो’. पदव्युत्तर पातळीवर त्याने औषधाची क्रिया मोजायला शिकावे, अशी अपेक्षा असते. या विषयाच्या अध्यापनाचा इतिहास बव्हंशी या मोजमापाचाच इतिहास आहे.

उगम : स्वतंत्र विद्याशाखा म्हणून या विषयाचा आरंभ कोठे मानावा याबद्दल मतभेद आहेत. एक मत फ्रांस्वा माझांदी (१७८३–१८५५) यांच्याकडे बोट दाखवते. बाणांना लावल्या जाणाऱ्या एका जावा बेटावरील विषावर त्यांनी १८०९ मध्ये केलेले प्रयोग, आणि विषाची क्रिया पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूवर होते हे त्यांनी टप्प्याटप्प्याने केलेले निदान, पद्धतीच्या दृष्टीने आधुनिकच म्हणावे लागेल. त्यांचे शिष्य क्लोद बेर्नार यांनी क्युरारे या विषावर केलेले काम त्याच परंपरेतले. दुसरे आणि अधिक प्रचलित मत रूडॉल्फ बुखहाइम (१८२०–७९) यांना मान देते. त्या वेळी रशियन साम्राज्यात असलेल्या, पण जर्मन भाषेतून शिकवणाऱ्या डोर्पाट विद्यापीठात (सध्याचे एस्टोनियातील तार्तू) ते १८४६–४७ च्या सुमारास रुजू झाले. प्रयोगशाळेचे वर्ष म्हणून सर्वसाधारणपणे १८४७ दिले जाते; नियुक्ती, पूर्ण प्राध्यापकपद आणि प्रत्यक्ष प्रयोगांची सुरुवात या तीन वेगळ्या घटना असल्यामुळे निरनिराळ्या ग्रंथांत एक-दोन वर्षांचा फरक आढळतो, त्याला फारसे महत्त्व देण्याचे कारण नाही.

बुखहाइम यांची पहिली प्रयोगशाळा विद्यापीठाच्या इमारतीत नव्हती. ती त्यांनी स्वतःच्या घराच्या तळघरात, पदरमोड करून उभारली. विद्यापीठाने जागा दिली ती नंतर. पेरेरा यांच्या इंग्रजी औषधिग्रंथाचे जर्मन रूपांतर करत असताना निराधार ठरलेली औषधे त्यांनी गाळली आणि औषधाच्या क्रियेवर स्वतंत्र मजकूर घातला. पण अध्ययनाच्या दृष्टीने त्यांचे मोठे काम दुसरेच आहे. वैद्यकाच्या पदवीसाठी प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागे. बुखहाइम यांनी त्यासाठी आपल्याच प्रयोगशाळेतले नेमके, छोटे प्रश्न विद्यार्थ्यांना वाटून दिले. रेचक क्षार आतड्यात किती शोषले जातात, एखादे द्रव्य मूत्रातून कोणत्या रूपात बाहेर पडते, अशा स्वरूपाचे हे प्रश्न होते. माझांदी यांनी प्रयोग दाखवले. प्रयोग करून घेऊन त्यावर पदवी देण्याची पद्धत डोर्पाटची. म्हणून शास्त्राचा जनक कोण हा वाद बाजूला ठेवला, तरी पदव्युत्तर अध्ययनाचा आरंभ डोर्पाटला मानणे अधिक सयुक्तिक दिसते.

या रोपाचे झाड झाले ते स्ट्रासबुर्गमध्ये. बुखहाइम यांचे विद्यार्थी ओस्वाल्ट श्मीडेबेर्ग (१८३८–१९२१) यांनी १८६६ मध्ये रक्तातील क्लोरोफॉर्मच्या मापनावर प्रबंध लिहिला, काही काळ लाइपझिगला कार्ल लूटव्हिख यांच्याकडे शरीरक्रियाविज्ञानाचे काम केले आणि १८७२ मध्ये ते स्ट्रासबुर्गला गेले. १८७३ मध्ये त्यांनी क्लेब्स व नाउनिन यांच्याबरोबर या विषयाचे नियतकालिक सुरू केले. ते आजही चालू आहे. त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची संख्या दीडशेच्या घरात सांगितली जाते. त्यांपैकी जॉन जेकब एबल यांनी १८९१ मध्ये मिशिगनला आणि १८९३ मध्ये जॉन्स हॉपकिन्सला अध्यासन स्वीकारले. मिशिगनला त्यांच्या जागी आलेले आर्थर कुश्नी हेही स्ट्रासबुर्गचेच. पुढे ते लंडनला व तेथून एडिंबरोला गेले. म्हणजे अमेरिका आणि ब्रिटन या दोन्ही ठिकाणची अध्यापनाची वंशावळ दोन पिढ्यांत एकाच तळघराशी जाऊन पोचते.

भारतात : रामनाथ चोप्रा (१८८२–१९७३) यांनी केंब्रिजला डब्ल्यू. ई. डिक्सन यांच्याबरोबर काम केले होते. कलकत्त्याचे स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिन १९२१ च्या सुमारास सुरू झाल्यावर ते तेथे औषधक्रियाविज्ञानाचे प्राध्यापक झाले आणि देशी वनस्पतींची पद्धतशीर परीक्षा त्यांनी हाती घेतली. १९३०–३१ मध्ये औषधांच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९४० चा औषध कायदा आणि १९४८ चा फार्मसी कायदा यांची बीजे त्या समितीच्या अहवालात आहेत. त्यांचे सहकारी बिष्णुपद मुखर्जी पुढे लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले. औषधनिर्माणशास्त्राची शाखा मात्र वेगळ्या वाटेने आली. महादेव लाल श्रॉफ यांनी बनारस हिंदू विद्यापीठात १९३२ मध्ये या शिक्षणाचा पाया घातला, १९३७ मध्ये पदवी अभ्यासक्रम आणि त्यानंतर काही वर्षांत पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू झाला. वैद्यकीय महाविद्यालयातले फार्माकॉलॉजी आणि फार्मसी महाविद्यालयातले फार्माकॉलॉजी हे दोन प्रवाह तेव्हापासून समांतर चालत आले आहेत. पहिल्यात रुग्णाचा विचार आधी येतो, दुसऱ्यात रेणूचा.

मुंबईचा वाटा अध्यापनापेक्षा संशोधनात अधिक ठळक दिसतो. सर्पगंधेवर कलकत्त्याला गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये लिहिले होते. पण तिच्या रक्तदाबावरील परिणामाची रुग्णनिहाय नोंद पाश्चात्त्य वैद्यकविश्वापुढे गेली ती मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांच्या १९४९ मधील ब्रिटिश हार्ट जर्नलमधल्या लेखाने. पदव्युत्तर वर्गात आजही चिकित्साविषयक चाचणीचे जुने उदाहरण म्हणून हा लेख वाचायला दिला, तर ते योग्यच होईल. पुढे गोरेगावचे सिबा आणि मुलुंडचे हेक्स्ट ही कंपन्यांची संशोधन केंद्रे निघाली. कोलिअस या झाडाच्या मुळातील फोर्स्कोलिन हे द्रव्य मुलुंडच्या केंद्रातील कामातून पुढे आले, आणि पेशीतील चक्रीय एएमपी या संदेशवाहक रेणूचा अभ्यास करणाऱ्या जगभरच्या प्रयोगशाळांत ते नेहमीचे साधन बनले.

सद्यःस्थिती : एम.बी.बी.एस.नंतरचा एम.डी. अभ्यासक्रम तीन वर्षांचा, बी.फार्म.नंतरचा एम.फार्म. दोन वर्षांचा. प्रवेश अनुक्रमे नीट-पीजी व जीपॅट या परीक्षांतून होतो. वैद्यकीय महाविद्यालयांत एम.एस्सी. आणि मोहालीच्या नायपर या राष्ट्रीय औषधशिक्षण संस्थेसारख्या ठिकाणी एम.एस. (फार्म.) या पदव्याही आहेत. एम.फार्म.चा आराखडा फार्मसी कौन्सिलने देशभर एकसारखा केला आहे. पहिल्या दोन सत्रांत विश्लेषणतंत्रे, प्रगत औषधक्रियाविज्ञान, चाळणी-परीक्षांच्या पद्धती, पेशीय व रेण्वीय औषधक्रियाविज्ञान, औषधशोधाची तत्त्वे, चिकित्सा-संशोधन व औषधदक्षता (औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणे) हे विषय येतात. तिसऱ्या सत्रात संशोधनपद्धती व जीवसांख्यिकी, आणि उरलेला काळ जर्नल क्लब (शोधनिबंधांची वर्गात चर्चा) व प्रबंध. एम.डी.त सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा संक्षिप्त आराखडा, पहिल्याच वर्षी मंजूर करून घ्यावा लागतो, त्यामुळे विषय पुरता कळण्याआधी प्रबंधाचा विषय ठरतो ही तक्रार जुनी आहे.

जैव आमापन : या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे बायोॲसे, अर्थात जिवंत ऊतीच्या प्रतिसादावरून द्रव्याचे प्रमाण ठरवणे. रासायनिक विश्लेषणाची उपकरणे सूक्ष्म होण्यापूर्वी ॲसिटिलकोलीन किंवा हिस्टामीन या शरीरातील संदेशवाहक द्रव्यांचे अत्यल्प प्रमाण मोजण्याचा दुसरा उपाय नव्हता. बेडकाच्या पोटावरचा रेक्टस ॲब्डॉमिनिस स्नायू (प्रयोगशाळेच्या बोलीत ‘फ्रॉग रेक्टस’) किंवा गिनीपिगच्या लहान आतड्याच्या शेवटच्या भागाचा (इलियम) दोन-तीन सेंटिमीटर तुकडा काचेच्या कुंडात टांगतात. बेडकाच्या ऊतीला रिंगर द्रव (क्षारांचे द्रावण) आणि खोलीचे तापमान चालते. इलियमला टायरोड हा दुसरा क्षारद्रव, सतत हवा किंवा ऑक्सिजन आणि शरीराच्या तापमानाजवळची ऊब लागते. तापमान थोडे कमी ठेवले की आतडे आपणहून वळवळत नाही, ही हातच्या अनुभवातली गोष्ट. रेक्टस संथ, म्हणून त्याला औषध दीड मिनिट लावून ठेवायचे. इलियमला अर्धा मिनिट पुरे. मग द्रव बदलून ऊत धुवायची, विसावा द्यायचा आणि पुढचा डोस.

ऊतीला बांधलेली तरफ फिरत्या ड्रमवर रेष ओढी. ड्रमवर गुळगुळीत कागद ताणून चिकटवायचा, धुरकट ज्योतीवर ड्रम फिरवत त्यावर काजळीचा सारखा थर बसवायचा. थर जाड झाला तर लेखणी अडते, पातळ झाला तर रेष दिसत नाही. प्रयोग संपल्यावर टोकदार सुईने डोस, ऊत, तारीख ही नोंद काजळीतच कोरायची, कागद उतरवून स्पिरिटमधल्या लाखेच्या द्रावात बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा. परीक्षकापुढे जायचा तो हा कागद. काजळीत बोट लागून दिवसभराचे काम गेले असे सांगणारा प्राध्यापक प्रत्येक जुन्या विभागात सापडतो.

आमापनाच्या पद्धतींत जुळणी, अंतर्वेशन, त्रिबिंदू व चतुर्बिंदू असे प्रकार आहेत. त्रिबिंदू पद्धतीत प्रमाणित द्रावाचे दोन डोस आणि अज्ञात द्रावाचा एक डोस घेतात; अज्ञाताचा प्रतिसाद त्या दोहोंच्या मधे पडला पाहिजे. हे तीन डोस लॅटिन चौरसाच्या क्रमाने तीन फेऱ्यांत देतात, म्हणजे प्रत्येक डोस एकदा पहिला, एकदा दुसरा व एकदा शेवटचा येतो. प्रयोग चालू असताना ऊत थकते किंवा उलट अधिक संवेदनशील होते. या क्रमामुळे तो कल तिन्ही डोसांत वाटला जातो. मात्रेच्या लॉगरिदमशी प्रतिसाद साधारण सरळ रेषेत असतो, हे गृहीत धरूनच अंतिम सूत्र चालते. आलेखाच्या मधल्या भागात ते खरे असते, टोकांना नसते. तोंडी परीक्षेत विद्यार्थी हमखास अडतो तो इथे.

औषध पेशीवरच्या ठरावीक जागेला, म्हणजे ग्राहीला, चिकटून काम करते या ग्राही-सिद्धांताचा इतिहास या साध्या दिसणाऱ्या प्रात्यक्षिकामागे आहे. केंब्रिजला लँग्ली यांच्या सांगण्यावरून ए. व्ही. हिल यांनी बेडकाच्या याच स्नायूवर निकोटीन व क्युरारेचे प्रयोग करून १९०९ मध्ये जे गणित मांडले, ते त्यांच्या उमेदवारीच्या काळातले होते. ए. जे. क्लार्क यांनी १९२६ मध्ये ॲसिटिलकोलीनची मात्रा व प्रतिसाद यांचे नाते मोजले तेही बेडकाच्या हृदयावर आणि रेक्टसवर. हाइन्झ शिल्ड यांनी १९४७ मध्ये पीए-२ ही संज्ञा आणली : ॲगोनिस्टची (ग्राहीला चेतवणाऱ्या द्रव्याची) मात्रा दुप्पट करावी लागेल इतकी प्रतिरोधकाची (ती क्रिया अडवणाऱ्या द्रव्याची) मोलर संहती घ्यायची आणि तिचा ऋण लॉगरिदम काढायचा. अरुणलक्षणा व शिल्ड यांच्या १९५९ मधील निबंधाने त्याला आलेखाचे रूप दिले. रेषेचा उतार एक आला तर प्रतिरोध स्पर्धात्मक, म्हणजे दोन्ही द्रव्ये एकाच जागेसाठी झगडणारी, मानण्यास आधार मिळतो. उतार एक आला नाही तर नेमके काय बिघडले हे त्या आलेखावरून कळत नाही. समतोल न साधणे, ऊतीने ॲगोनिस्ट शोषून घेणे, एकाहून अधिक ग्राही असणे, यांपैकी काहीही असू शकते. पाठ्यपुस्तके हा भाग घाईने उरकतात.

प्राणिप्रयोग : प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० यात पुस्तके, प्रतिकृती, चित्रपट यांनी काम भागत असेल तर शिक्षणसंस्थांनी प्राण्यांवर प्रयोग टाळावेत, असे आधीपासूनच म्हटले आहे. अंमल मात्र दीर्घकाळ सैल होता. साधारण २००९ ते २०१४ या काळात वैद्यक, विद्यापीठ आणि फार्मसी या तिन्ही क्षेत्रांतील नियामक संस्थांनी अध्यापनातील प्राणिप्रयोग कमी करणारे किंवा थांबवणारे आदेश काढले. पॉंडिचेरीच्या जिपमेरमध्ये तयार झालेली एक्सफार्म ही संगणकप्रणाली त्यानंतर सर्वत्र पोचली. संशोधनासाठी प्राणी वापरायचे तर संस्थेच्या प्राणी-नीतिसमितीची परवानगी लागते. पडद्यावरचा इलियम कधी थकत नाही आणि लॅटिन चौरस का लागतो हे त्यावरून उमगत नाही, असा एक आक्षेप घेतला जातो. तो खरा आहे. मात्र एका वर्गासाठी बेडकांचा वर्षानुवर्षे चाललेला खप पाहता बदल अनाठायी म्हणता येत नाही. काही ठिकाणी कत्तलखान्यातून आणलेले शेळी किंवा कोंबडीचे आतडे वापरून कुंड चालू ठेवले आहे.

पीएच.डी.पूर्व वर्गाध्ययन : ब्रिटिश पद्धतीत पीएच.डी.ला वर्ग नसत, गाइड आणि प्रयोगशाळा एवढेच असे. अमेरिकेत पहिले वर्ष-दोन वर्षे वर्ग, निरनिराळ्या प्रयोगशाळांतील फेऱ्या आणि मग पात्रता परीक्षा हा क्रम रूढ आहे. अनेक ठिकाणी औषधक्रियाविज्ञान, जैवरसायन, चेताविज्ञान यांचे प्रवेश एकत्रित होतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनी कोर्सवर्क सक्तीचे केले. २०१६ मध्ये त्यासाठी ८ ते १६ श्रेयांक ठरले, तर २०२२ च्या विनियमांत किमान १२ असून त्यात संशोधन व प्रकाशन नीती हा भाग अनिवार्य आहे.

चिकित्सालयीन औषधक्रियाविज्ञान : एम.डी.नंतर डी.एम. ही पदवी चंडीगड, मुंबई यांसारख्या मोजक्या ठिकाणी मिळते. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रमाची बहुतेक केंद्रे वैद्यकीय महाविद्यालयांच्या औषधक्रियाविज्ञान विभागांत आहेत. वॉर्डातून आलेला संशयित दुष्परिणामाचा फॉर्म तपासणे आणि औषधाशी त्याचा कार्यकारणसंबंध ठरवणे हे काम तेथे पदव्युत्तर विद्यार्थ्याकडे येते. २०१९ च्या नव्या औषध व चिकित्सा चाचणी नियमांनुसार नीतिसमितीच्या बैठकीत एक वैद्यकीय वैज्ञानिक, शक्यतो औषधक्रियाविज्ञानाचा, उपस्थित असणे आवश्यक आहे.