बिनतारी जाळ्याची सुरक्षा

तारेतून जाणारा संदेश चोरायचा तर आधी तारेपर्यंत पोहोचावे लागते. बिनतारी जाळ्यात ती अडचणच नाही. रेडिओलहरी भिंतीपलीकडे जातात आणि टप्प्यातल्या कोणालाही पकडता येतात. म्हणून येथे दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात: संदेश परक्याला वाचता येऊ नये आणि वाटेत त्यात फेरफार झाला तर तो ओळखू यावा. पहिली साधली की दुसरी आपोआप साधते, हा समज वाय-फायच्या पहिल्याच सुरक्षापद्धतीने खोटा ठरवला.

वाय-फायच्या १९९७ च्या ८०२.११ मानकातील ‘डब्ल्यूईपी’ या पद्धतीत आरसी४ हे कूटलेखन होते. दर पॅकेटला, म्हणजे संदेशाच्या तुकड्याला, गुप्त किल्लीशी २४ बिटांचा एक आकडा जोडला जाई. असे आकडे सुमारे १ कोटी ६८ लाखच; गजबजलेल्या जाळ्यावर ते लवकर संपत आणि पुन्हा तेच वापरात येत. एकाच आकड्याने झाकलेली दोन पॅकेटे ताडून मजकुराचा सुगावा लागू शके. २००१ मध्ये फ्लूरर, मँटिन आणि शमीर या संशोधकांनी आरसी४ मधला असा दोष दाखवला, की पुरेशी पॅकेटे गोळा करून खुद्द किल्लीच काढता येऊ लागली.

फेरफाराची बाजू तर त्याहून लंगडी होती. पॅकेट शाबूत आहे का, हे सीआरसी-३२ या बेरजेवरून तपासत. पण ती बेरीज गोंगाटाने झालेल्या चुका पकडण्यासाठी असते, मुद्दाम केलेल्या लबाडीसाठी नव्हे. बंद पॅकेटमधला एक बिट उलटवला की उलगडलेल्या मजकुरातला नेमका तोच बिट उलटतो. बेरजेतले कोणते बिट त्याबरोबर बदलायचे, हेही किल्लीशिवाय काढता येते. घेणाऱ्याला पॅकेट बिनचूक वाटते.

२००३ चा ‘डब्ल्यूपीए’ ही जुन्या उपकरणांसाठी केलेली डागडुजी होती. खरा उपाय २००४ च्या ‘डब्ल्यूपीए२’ने दिला: एईएस या कूटलेखनावर आधारलेली सीसीएमपी पद्धत मजकूर झाकते, किल्लीशिवाय बनवता न येणारी मोहोर त्यावर उमटवते आणि पॅकेटच्या क्रमांकावरून जुने पॅकेट पुन्हा पाठवलेले ओळखते. तरी २०१७ मध्ये वानहुफ आणि पीसेन्स या संशोधकांनी ‘क्रॅक’ हल्ला मांडला. उपकरण जाळ्याला जोडताना होणाऱ्या चार संदेशांपैकी तिसरा पुन्हा पाठवला की उपकरण तीच किल्ली नव्याने बसवी आणि पॅकेटचा क्रमांक मागे जाऊन आधीचेच आकडे पुन्हा वापरात येत. कूटलेखन भक्कम होते. चूक किल्ली बसवण्याच्या रीतीत होती.

२०१८ च्या ‘डब्ल्यूपीए३’मध्ये, जोडणीचे संदेश टिपून नंतर निवांत पासवर्ड ताडून पाहण्याची वाट बंद केली आहे. मात्र हे सारे संरक्षण उपकरणापासून राउटरपर्यंतच. पुढचा प्रवास संकेतस्थळाशी होणारी देवाणघेवाण झाकणाऱ्या एचटीटीपीएससारख्या थरावर सोपवलेला असतो.