डिस्टोपियन कादंबऱ्यांच्या सहीवाल्या पहिल्या आवृत्त्या (संग्रह)

उद्याच्या जगाचं भयाण चित्र रंगवणाऱ्या कादंबऱ्यांची, लेखकाची सही असलेली पहिली आवृत्ती मिळवून जपायचा छंद. यात खरा घोळ ‘पहिली’ या शब्दाचाच आहे. मराठीत बऱ्याचदा पुनर्मुद्रणालाही आवृत्तीच म्हणतात, त्यामुळे जळगाव-धुळ्याकडचा वाचक ‘फर्स्ट एडिशन’ एवढं वाचूनच खुश होतो, पण संग्राहकाला त्यातलीही पहिली छपाई लागते, आणि अलीकडच्या पुस्तकात ती कॉपीराइटच्या पानावरच्या आकड्यांच्या ओळीवरून ओळखतात, १ शाबूत असला की बहुतेक वेळा पहिली.

सगळ्यात जास्त वाद रशियन लेखक झाम्यातिनच्या ‘वी’ (म्हणजे ‘आम्ही’) या कादंबरीचा. लिहिली साधारण १९२०-२१ला रशियनमध्ये, पुस्तक म्हणून आधी आली १९२४ला न्यूयॉर्कला आणि तीही इंग्रजी भाषांतरात, पूर्ण रशियन पुस्तक थेट १९५२ला, आणि लेखक तर १९३७लाच वारलेला. काही जण मूळ भाषेवर अडून बसतात, पण छापील पुस्तकाचा हिशोब करायचा तर १९२४ धरणंच जास्त पटतं. १९५२च्या प्रतीवर झाम्यातिनची सही कोणी दाखवली तर हात जोडून परत द्यावी.

ऑर्वेलचं ‘नाइन्टीन एटी-फोर’ ८ जून १९४९ला आलं आणि २१ जानेवारी १९५०ला तो गेला, म्हणून सहीवाल्या प्रती फार दुर्मिळ. हक्सलीच्या ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’च्या (१९३२) ३२४ प्रती मात्र मुद्दाम सही करूनच काढल्या होत्या. ब्रॅडबरीच्या ‘फॅरनहाइट ४५१’च्या (१९५३) २०० सहीवाल्या प्रती तर अ‍ॅस्बेस्टॉसच्या बांधणीत, पुस्तकं जाळण्यावरचं पुस्तक जळू नये म्हणून!

सही थेट पानावर हवी, चिकटवलेल्या चिठ्ठीवरची दुय्यम. कॅनडाच्या कादंबरीकार मार्गारेट अ‍ॅटवुडबाईंच्या कल्पनेतून आलेल्या ‘लाँगपेन’ या यंत्रणेमध्ये लेखक एका गावात स्क्रीनवर सही करतो आणि दुसऱ्या गावात यंत्र ती शाईने उमटवतं; ही वेगळ्या खणात ठेवलेली बरी.

खानदेशात मराठी सह्या मिळवायचा मोठा योग आला तो २०२४च्या अमळनेरच्या साहित्य संमेलनात, इंग्रजी प्रती बाहेरूनच मागवाव्या लागतात. त्यात भुसावळ-जळगावचा मे महिना, पारा ४५च्या आसपास, बांधणीचा गोंद सुकतो, पुस्तकावरच्या कागदी जॅकेटचा रंग उडतो, आणि धाब्याच्या घरात वाळवी वेगळीच. जुनी माणसं पोथीत कडुलिंबाचा पाला घालायची, पण तो पानात दाबला की डाग पडतो, म्हणून पुरचुंडी करून कपाटाच्या कोपऱ्यात ठेवतात.