कॅनिस्टर स्टोव्ह : खानदेशातील वापर व बिघाड

कॅनिस्टर स्टोव्ह म्हणजे पाठीवरच्या सॅकमध्ये मावणारी, द्रवरूप वायूच्या लहान डब्यावर चालणारी शेगडी. डब्याच्या तोंडावर आटे असतात. त्यावर स्टोव्ह फिरवून बसवला की डब्यातील झडप दाबली जाऊन उघडते आणि वायू केसासारख्या बारीक छिद्रातून, म्हणजे जेटमधून, हवेत मिसळत बर्नरपर्यंत जातो. डब्यात ब्यूटेन, आयसोब्यूटेन व प्रोपेन यांचे मिश्रण असते. सुमारे १००, २३० व ४५० ग्रॅ. वायूचे डबे सर्रास मिळतात. नळकांड्यासारखे लांबट डबेही बाजारात असतात. त्यांत बहुधा नुसते ब्यूटेन असते आणि ते या स्टोव्हला लावायला अडॅप्टर लागतो.

हा स्टोव्ह एकदोघांचे पाणी उकळण्यासाठी घडवलेला आहे. लिटरभर पाण्याला साधारण १२ ते १५ ग्रॅ. वायू लागतो, आणि चार-पाच मिनिटांत काम संपते. खानदेशात त्याच्याकडून वेगळीच अपेक्षा असते. तोरणमाळ, पाल, पाटणादेवी किंवा अस्तंभ्याच्या वाटेवर निघालेला दहाबारा जणांचा गट एकदोनच स्टोव्ह नेतो आणि त्यांवर खिचडी, शेवभाजी, जमल्यास कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरीही करतो. वीस भाकरी म्हणजे पाऊण तास सलग ज्योत. बिघाडाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या ओढाताणीत आहे. दोष दरवेळी वस्तूचाच असतो असे नाही.

भाकरीचा तवा हा सर्वांत गंभीर प्रश्न. डब्याची रुंदी जेमतेम ११ सेंमी. आणि वर २५–३० सेंमी.चा तापलेला लोखंडी तवा. त्याची धग खाली परावर्तित होऊन डब्यावरच येते. त्यात वारा अडवायला सभोवती पत्रा किंवा दगड लावले, तर डबा भट्टीत बसवल्यासारखाच होतो. डबा ५० °से.पेक्षा जास्त तापू देऊ नये, अशी सूचना डब्यावरच छापलेली असते. स्वयंपाक चालू असताना मधूनमधून डब्याला हात लावावा. तो कोमटाहून अधिक गरम लागला तर ज्योत बंद करावी. डब्याचा मूळचा खोलगट तळ बाहेर फुगलेला दिसला, तर तो डबा पुन्हा वापरू नये. गटासाठी नळीवाला स्टोव्ह बरा. त्यात डबा बाजूला राहतो आणि बर्नर जमिनीलगत असल्याने पातेले कलंडत नाही.

खानदेशचा उन्हाळा या धोक्यात भर घालतो. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ °से.च्या आसपास जातो. तेव्हा उन्हात उभ्या मोटारीच्या डिकीत किंवा तापलेल्या काळ्या कातळावर ठेवलेला डबा न पेटवताच मर्यादा ओलांडतो. त्यामुळे डबे सॅकच्या मध्यभागी, कपड्यांत गुंडाळून नेतात.

हिवाळ्यात तक्रार उलटी होते. तोरणमाळ सुमारे १,१५० मी. उंचीवर आहे. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटेचा चहा ठेवला की ज्योत आधी जोमदार असते, मग हळूहळू मिणमिणते. डबा हलवला तर आत द्रव डुचमळतो, तरी वायू येत नाही. वायू होताना द्रव आपलीच उष्णता वापरतो आणि माठातले पाणी जसे गार होते तसा डबा गारठतो, बाहेरून दव धरतो. ब्यूटेनचा उत्कलनबिंदू –०.५ °से., आयसोब्यूटेनचा सुमारे –१२ आणि प्रोपेनचा –४२ आहे. त्यामुळे बाहेर ८–१० °से. तापमान असले, तरी सलग वापरात नुसत्या ब्यूटेनचा डबा दाब गमावतो. मिश्रणातले प्रोपेन आधी उडून जाते, म्हणून अर्धा संपलेला डबा नव्यापेक्षा लवकर गळपटतो. उपाय सोपा आहे : डबा ताटलीतल्या कोमट पाण्यात ठेवणे, किंवा दोन डबे आलटून पालटून वापरणे. उकळते पाणी ओतणे किंवा डबा ज्योतीवर शेकणे हा मूर्खपणा आहे, आणि तो करणारे भेटतात.

जेट तुंबणे हा धुळीच्या प्रदेशातला नेहमीचा आजार. तापीकाठची काळी माती वाळली की पिठासारखी उडते. कपाशीच्या हंगामात तिच्यात तंतूंचीही भर पडते. स्टोव्ह सॅकमध्ये उघडा ठेवला की धूळ सांध्यात शिरते आणि डबा बसवताना वायूबरोबर जेटपर्यंत पोचते. ज्योत पिवळी पडते, फरफरते किंवा एका बाजूलाच पेटते. अशा वेळी जुन्या पिढीतील माणसाचा हात आपोआप स्टोव्हच्या पिनेकडे जातो. घासलेटच्या पंपाच्या स्टोव्हला ती पिन चालत असे, किंबहुना तिच्यावाचून स्वयंपाक होत नसे. कॅनिस्टर स्टोव्हच्या जेटचे छिद्र साधारण ०.३ मिमी. असते. जाड पिनेने ते मोठे किंवा वेडेवाकडे झाले की ज्योत कायमची बिघडते. जेट पान्याने काढून स्पिरिटमध्ये बुडवावा आणि उलट बाजूने हवा फुंकावी. वर्षभर माळ्यावर पडलेल्या स्टोव्हच्या हवेच्या भोकांत कोळ्याचे जाळे किंवा कुंभारीण माशीची माती सापडणेही नवलाचे नाही.

बर्नरची तक्रार अनेकदा पदार्थांमुळे असते. उतू गेलेले दूध, खिचडीचे पाणी, शेवभाजीच्या रश्श्यावरचा तवंग भोकांत जाऊन जळतो आणि चिकटून बसतो. वांगी भाजणे तर याहून वाईट. खानदेशी भरिताची वांगी पऱ्हाट्यांच्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या, जाळावर भाजायची असतात. ती कॅनिस्टर स्टोव्हवर भाजली की रस थेट बर्नरवर ठिबकतो आणि भरितालाही ती चव येत नाही. दोन्हीकडून तोटा.

गळती दोन ठिकाणी होते. डबा व स्टोव्ह यांच्यामधील ओ-रिंग, म्हणजे रबरी वर्तुळाकार वॉशर, उष्णतेने व वयाने कडक होते, तडकते किंवा पिरगळून घट्ट केल्याने चेपते. स्टोव्ह हाताने लागेल तेवढाच आवळायचा असतो. आट्यांत वाळूचा कण असताना जोर लावला, तर स्टोव्हचे मऊ धातूचे आटे झिजतात आणि पुढे डबा तिरका बसू लागतो. दुसरे ठिकाण नॉबच्या दांड्यापाशी. बंद करताना नॉब करकचून आवळण्याची सवय असलेल्यांच्या स्टोव्हची सुईझडप, म्हणजे वायू कमीजास्त करणारी झडप, लवकर खराब होते. मग मंद आच धरता येत नाही आणि खिचडी मधोमध करपते. जोडल्यावर सांध्याला साबणाचे पाणी लावून बुडबुडे पाहणे ही खात्रीची तपासणी. जोडताना व काढताना क्षणभर येणारा ‘फुस्स’ आवाज मात्र गळती नव्हे. ओ-रिंग किरकोळ वस्तू आहे, पण मापाची व वायूला टिकणाऱ्या रबराचीच हवी. नळाच्या वॉशरने भागत नाही.

पातेले पेलणारे स्टोव्हचे घडीचे पाय सतत उघडझाप करून रिव्हेटपाशी ढिले होतात. मोठ्या पातेल्याखाली दीर्घकाळ तापून लाल झाले की वजनाने वाकतात. पाय वाकला की पातेले एका बाजूला कलते आणि गरम वरणासकट खाली येते, म्हणून हा बिघाड दिसायला साधा असला तरी भाजण्याचा धोका इथेच जास्त. स्टोव्हवरचा पिझो लायटर, म्हणजे बटण दाबून ठिणगी पाडणारी कळ, तर सर्वांत आधी जातो : इलेक्ट्रोड वाकतो, तारेवरचे आवरण जळते, पावसाळी दमटपणात ठिणगी भरकटते. त्यावर विसंबू नये, दोन काडेपेट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात.

महाग डब्यांमुळे घरगुती सिलिंडरमधून रिकामा डबा भरून घेण्याचा मोह होतो. डब्याची झडप एकदाच वापरून टाकण्याच्या हिशोबाने बनवलेली असते. शिवाय प्रमाणाबाहेर भरलेल्या डब्यात द्रवाला फुगायला जागा उरत नाही, आणि भुसावळच्या उन्हात त्याचा परिणाम सांगायला नको. उरलेला वायू मोजायचा तर किराणा दुकानाचा काटा पुरे : रिकाम्या डब्याचे वजन लिहून ठेवले की वजाबाकी करता येते. तंबूत स्टोव्ह पेटवणे कार्बन मोनॉक्साइडमुळे जिवावर बेतू शकते. रेल्वेने ज्वलनशील वायू नेण्यास मनाई असल्याने मुंबई-पुण्याहून रेल्वेने येणाऱ्यांनी डबे जळगाव-धुळ्यात मिळतील का, हे आधीच विचारून घ्यावे. रिकामा डबा भंगारात देण्यापूर्वी मोकळ्या जागी, जाळापासून दूर, उरलासुरला वायू सोडून त्याला भोक पाडतात. भोक नसलेला डबा भंगारवाल्याने न घेतल्यास त्याचेच बरोबर आहे.