टॅब घ्यायचाय? आमच्या ग्राहकांसाठी थोडं सविस्तर

नमस्कार मंडळी. जून आला की आणि परत दिवाळीच्या तोंडावर दुकानात एकच प्रश्न असतो, पोरासाठी टॅब घेऊ का लॅपटॉप. गर्दीत काउंटरवर नीट बोलणं होत नाही म्हणून हे लिहून ठेवलंय. आम्ही टॅब विकतो पण आणि खोलून दुरुस्त पण करतो, त्यामुळे आमचं मत सरळ आहे: बघायचं, वाचायचं, ऐकायचं असेल तर टॅब मस्त, पण रोज टायपिंग आणि हिशोबाचं काम असेल तर आमच्याकडून टॅब घेऊ नका, आम्हीच नको म्हणू.

आधी चांगलं सांगतो. बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट मिळतात, ती मोबाईलवर उघडली की प्रत्येक ओळ झूम करून सरकवत बसावं लागतं, तेच १०-११ इंची टॅबवर अख्खं पान एका नजरेत येतं. क्लासची लेक्चरं, नोट्स, पेन असेल तर गणितं सोडवणं, सगळं छान होतं. ८००० एमएएचच्या आसपास बॅटरी असते, त्यामुळे लेक्चर बघत दिवस आरामात निघतो. चालू करायला वेळ लागत नाही, पंख्याचा आवाज नाही.

आणि खरं सांगू का, टॅबचं सगळ्यात समाधानी गिऱ्हाईक म्हणजे आजी-आजोबा. अक्षरं मोठी करून द्या, ई-पेपर, कीर्तनं, व्हिडिओ कॉलवर नातवंडं, एवढंच हवं असतं आणि ते टॅब झकास करतो. फक्त त्यांच्यासाठी ११ इंची घेऊ नका, तो अर्धा किलोच्या आसपास भरतो, पडल्या पडल्या धरला की हात दुखतो आणि मग तो नाकावर पडतो (हसू नका, खरंच पडतो). ८-९ इंचीवाला साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास असतो, तो बघा.

आता अडतं कुठे ते. अँड्रॉइड टॅबवर हिशोबाचं टॅली चालत नाही, मराठी टायपिंगचं श्रीलिपी चालत नाही, डिजिटल सिग्नेचरचा डोंगल लावून फॉर्म भरायचं कामही टॅबवर होत नाही. दुकानदार लोकांनी हे आधी लक्षात घ्या, कारण टॅब घेऊन गेलेला माणूस थोड्याच दिवसांत "यात टॅली टाकून द्या" म्हणत परत येतो आणि आम्हाला नाही म्हणायला जड जातं. एक्सेल उघडतं, पण मोठी शीट बोटाने भरणं म्हणजे शिक्षाच आहे, शिवाय मायक्रोसॉफ्टचं ऑफिस १०.१ इंचापेक्षा मोठ्या स्क्रीनवर एडिट करायला वर्गणी मागतं, फुकटात नुसतं बघायला मिळतं. गुगलचं डॉक्स आणि शीट्स मात्र फुकट आहे. मग लोक म्हणतात कीबोर्ड लावतो की! लावा, पण चांगला कीबोर्ड, कव्हर, पेन असं सगळं जोडून बिल केलं की साध्या लॅपटॉपच्या जवळ जातं आणि काम तरी अर्धंच होतं.

जेईई आणि सीईटीवाल्या मुलांच्या पालकांना एक. ह्या परीक्षा कॉम्प्युटरवर माऊसने द्यायच्या असतात, म्हणून अभ्यास टॅबवर करू दे, पण मॉक टेस्ट अधूनमधून कॉम्प्युटरवर बसून देऊ दे. आणि टॅब हातात दिला म्हणजे अभ्यासच होईल असं काही नाही, रील्स पण मोठ्या स्क्रीनवर छानच दिसतात. गुगलचं फॅमिली लिंक फुकट आहे, वेळेचं बंधन घालता येतं, घेताना सांगा, आम्ही सेट करून देतो.

स्वस्तातल्या टॅबबद्दल जरा जास्त बोलतो कारण फसगत तिथेच होते. २०११ साली सरकारने विद्यार्थ्यांसाठी आकाश टॅब काढला होता आठवतंय का, ७ इंची, २५६ एमबी रॅम, आणि स्क्रीन दाबून दाबून चालवायची. हेतू चांगला होता, पण हार्डवेअर कामाला पुरलं नाही. आजचे अगदी स्वस्त टॅब तेवढे वाईट नाहीत, तरी गोष्ट तीच आहे, ३-४ जीबी रॅमवाला आज दुकानात पळतो आणि दोन वर्षांनी अ‍ॅप्स जड झाली की हँग व्हायला लागतो. आमच्या मते ६ जीबी रॅमच्या खाली जाऊ नका. स्टोरेज ६४ जीबी लिहिलेलं असलं तरी सिस्टीमच त्यातली पंधरा-वीस जीबी खाऊन बसते, म्हणून १२८ घ्या नाहीतर मेमरी कार्डचा स्लॉट आहे का बघा. आयपॅडला हा स्लॉट नसतोच, तिथे स्टोरेज पहिल्यांदाच विचार करून घ्यावं लागतं. अपडेट किती वर्षं येणार हेही विचारा, अपडेट थांबले की हळूहळू बँकेची अ‍ॅप्स कुरकुर करायला लागतात. अजून एक, बॉक्सवर फुल एचडी लिहिलंय पण वाइडवाइन एल१ (ओटीटी अ‍ॅप्सना एचडी दाखवायची परवानगी देणारं सुरक्षा प्रमाणपत्र) नसेल तर ओटीटीवर पिक्चर पुसटच दिसणार, आमच्याकडे डेमो पीसवर हे तपासून मिळेल.

सिमवाला का वायफायवाला? घरी वायफाय असेल किंवा मोबाईलचा हॉटस्पॉट चालत असेल तर सिमचे जादा पैसे वाचवा. सिमवाल्या काही अँड्रॉइड टॅबवरून साधा कॉल लागतो, आयपॅडवरून लागत नाही, त्यामुळे फोनऐवजी टॅब असा विचार असेल तर आधी विचारा.

दुरुस्तीचं न लपवता सांगतो. मोबाईलचा कॉम्बो (काच आणि डिस्प्ले एकत्र) इथे गावात मिळून जातो, टॅबचा बहुतेक वेळा पुण्याहून नाहीतर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवावा लागतो, दिवस जातात आणि खर्च कधी कधी टॅबच्या अर्ध्या किमतीपर्यंत जातो. काच आणि डिस्प्ले चिकटवलेले असतील तर नुसती काच बदलणं अवघड. फुटलेलं आणि पाणी गेलेलं साध्या वॉरंटीत बसत नाही. म्हणून कव्हर आणि टफन ग्लास पहिल्याच दिवशी लावा, यात आमचा फायदा आहेच पण तुमचा जास्त आहे. दिवसरात्र चार्जिंगला लावून ठेवला की बॅटरी लवकर म्हातारी होते, फुगू पण शकते. मागचं कव्हर उचललेलं दिसलं तर चार्जिंग बंद करा, दाबू नका, तसाच घेऊन या.

सेकंडहँड घेणार असाल तर समोर बसून विकणाऱ्याला त्याचं गुगल किंवा अ‍ॅपलचं अकाउंट काढायला लावा, मगच पैसे द्या, नाहीतर रीसेट केल्यावर टॅब जुन्या मालकाचा पासवर्ड मागत बसेल. पक्कं बिलही घ्या.

दुकानात येताना ज्याच्यासाठी घ्यायचाय त्यालाच सोबत आणा, दहा मिनिटं हातात धरून बघू दे, आणि जुना मोबाईल किंवा टॅब असेल तर तोही आणा, फोटो-डेटा नव्यात टाकून देऊ.