उन्हाळ्यात स्पॅनिअलचे केस भादरावेत का?

"उन्हाळा आला, आता याचे सगळे केस काढून टाका, बिचाऱ्याला गार वाटेल." स्पॅनिअल, म्हणजे लांब केसांचा, लोंबत्या कानांचा कुत्रा पाळणाऱ्यांना हा सल्ला कधी ना कधी मिळतोच. त्यामागे माया असते, पण तो चुकीचा आहे.

आपल्याला अंगभर घाम येतो, कुत्र्याला तसा येत नाही. त्याच्या घामग्रंथी मुख्यतः पंजांच्या तळव्यांना असतात. अंगातली उष्णता तो धापा टाकून बाहेर टाकतो. त्यामुळे पाठ उघडी करून फारसा गारवा मिळत नाही. उलट वरच्या रेशमी केसांचा आडोसा जातो आणि उन्हाने कातडी भाजू शकते. शिवाय मशीन फिरवल्यावर नवे केस अनेकदा लोकरीसारखे, पटकन गुंतणारे येतात. कधी कधी मूळचा पोत परत येतच नाही. जटा कातडीपर्यंत घट्ट झाल्या असतील किंवा पशुवैद्याने सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी.

खरी गरज विंचरण्याची. आतला गळलेला मऊ थर निघाला की हवा खेळते. कात्री लावायचीच तर कानांच्या आतल्या बाजूला आणि पंजांच्या बोटांमध्ये. लोंबत्या कानांत ओल कोंडते, मग संसर्ग होतो. म्हणून अंघोळीनंतर, पोहून आल्यावर कान कोरडे करणं मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं.

व्यायाम रोज तासभर तरी हवाच, पण उन्हाळ्यात पहाटे किंवा दिवस मावळल्यावर. बाहेरगावी जाताना कुत्र्याला बोर्डिंगमध्ये, म्हणजे सांभाळणाऱ्या केंद्रात ठेवताना "केस भादरू नका, रोज विंचरा, कान पाहा" हे लिहूनच द्या.