गांजाच्या अमलाखाली वाहन चालवणे

गांजा, चरस, भांग किंवा कॅनाबिसचा इतर कोणताही पदार्थ घेऊन, नशा पूर्ण उतरण्याआधी वाहन चालवणे. दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला लोक हटकतात. गांजा ओढलेला माणूस मात्र शांत बसलेला असतो, म्हणून त्याच्या हाती किल्ली दिसली तरी कुणाला फारसे काही वाटत नाही. त्याला स्वतःलाही वाटत नाही.

कॅनाबिसमधील टीएचसी हे नशा आणणारे द्रव्य मेंदूतील सीबी-1 ग्राहींना, म्हणजे पेशींवरच्या रासायनिक संदेश टिपणाऱ्या जागांना, चिकटते. हालचालींचा मेळ राखणारा लहान मेंदू आणि ताज्या गोष्टी ध्यानात ठेवणारा हिप्पोकॅम्पस, या दोन्ही भागांत हे ग्राही भरपूर असतात. त्यामुळे गाडी लेनमध्ये डावी-उजवीकडे झुलू लागते, वेळेचा अंदाज चुकतो, एकाच वेळी दोन गोष्टींवर लक्ष राहत नाही. आरशात मागची मोटारसायकल दिसते, नजर पुढे वळते आणि लेन बदलताना ती मोटारसायकल डोक्यातून गेलेली असते. प्रतिसादही मंदावतो. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर पुढे जाते. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तरी आठ मीटर हातचे गेले.

गांजा घेतलेले चालक अनेकदा हळू जातात, पुढच्या गाडीपासून अंतरही जास्त ठेवतात. ‘मी उलट जपून चालवतो’ हा दावा येतो तो यातूनच. सरळ, मोकळ्या रस्त्यावर ही सावधगिरी निभावून नेते. मूल अचानक आडवे आले की तिचा उपयोग उरत नाही. सोबत थोडी दारू असेल तर दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळून वाढतात.

ओढलेल्या गांजाचा अंमल काही मिनिटांत चढतो आणि कित्येक तास टिकतो. खाल्लेला पदार्थ जास्त फसवा, कारण तो चढायलाच अर्धा ते दोन तास लागतात. ‘काहीच झाले नाही’ म्हणून निघालेल्या माणसाला तो भर रस्त्यात गाठतो. कॅलिफोर्नियात नियमित गांजा ओढणाऱ्या 191 जणांची सिम्युलेटरवर, म्हणजे गाडी चालवण्याचा आभास देणाऱ्या यंत्रावर, चाचणी झाली. निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. ओढल्यानंतर दीड तासाने अनेकांना आता गाडी चालवता येईल असे वाटू लागले होते, पण त्यांचे चालवणे अजून सुधारलेले नव्हते.

तपासणीही दारूइतकी सरळ नाही. टीएचसी चरबीत साठते. रक्तातले प्रमाण झपाट्याने घसरते, तरी नशा शिल्लक असू शकते; उलट नियमित सेवन करणाऱ्याच्या रक्तात नशा उतरल्यावरही अंश सापडतो, लघवीत तर त्याचे अवशेष कित्येक आठवडे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने 2004 मध्ये रस्त्यावरच लाळेची चाचणी सुरू केली. कॅनडात रक्ताच्या प्रत्येक मिलिलिटरमागे 5 नॅनोग्रॅम टीएचसी हा गंभीर गुन्हा ठरतो. सोबत रक्तात ठरावीक प्रमाणात दारू आढळली तर ही मर्यादा निम्म्यावर, 2.5 वर येते.