वायरिंगची आकृती खालून वाचा

गोव्यातल्या कदंबाच्या बसवर 'पणजी – पर्वरी – म्हापसा – कोलवाळ – पेडणे' असं लिहिलेलं असतं. थांबे कोणत्या क्रमाने येणार एवढंच त्यातून कळतं. वळणं, पूल, अंतरं त्यात नसतात. गाडीच्या वायरिंगची आकृतीही तेवढंच सांगते. वायर गाडीत कुठून कशी गेली आहे ते शोधायला लोक ती उघडतात आणि तिथेच गोंधळतात. जागा दाखवणारी हार्नेसची, म्हणजे वायरींच्या जुडग्याची, पानं मॅन्युअलमध्ये वेगळी असतात. आकृतीला विचारायचं ते इतकंच: करंट बॅटरीतून निघून कशाकशातून जातो, आणि परत कोणत्या वाटेने येतो?

बहुतेक आकृत्यांत पॉझिटिव्ह वर असतो आणि अर्थ (अर्थिंग, म्हणजे गाडीच्या बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची वाट) तळाला. जर्मन वळणाच्या आकृत्यांत या रेघांना डीआयएन ७२५५२ या मानकातले आकडे दिलेले असतात. ३० म्हणजे बॅटरीतून थेट आलेला, चावी काढली तरी जिवंत राहणारा. १५ म्हणजे चावी फिरवल्यावर मिळणारा, ५० सेल्फकडे जाणारा आणि ३१ म्हणजे अर्थ. दुकानात सुटा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू करणारा स्विच) मागितला तर त्याच्या पायांवरही बहुधा याच मानकातले ८५, ८६, ३०, ८७ दिसतील. ८५ आणि ८६ मध्ये कॉइल असते, तिला जेमतेम दीड-दोनशे मिलिअँपिअर लागतात. ती ओढली गेली की ३० आणि ८७ जुळतात आणि त्यातून हेडलाइटचा किंवा हॉर्नचा मोठा करंट वाहतो. म्हणजे रिले एक दिसला तरी सर्किट दोन आहेत, आणि ती वेगवेगळी वाचावी लागतात. रिले 'टक्' वाजला तर कॉइलचं सर्किट ठीक आहे. दुसऱ्याबद्दल तो आवाज काहीच सांगत नाही.

रंगांचं फार अवघड नाही. जपानी पद्धतीत बी म्हणजे काळा, म्हणून निळ्यासाठी एल. 'बी/डब्ल्यू' असेल तर वायर काळी आणि तिच्यावर पांढरी रेघ. जर्मन गाड्यांत अर्थ तपकिरी, जपान्यांकडे बहुधा काळा. बाकीचं आपल्या मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर सापडतं.

खरं लक्ष द्यायचं ते तळाकडे. प्रत्येक अर्थच्या जागेला आकृतीत नंबर असतो, आणि एकेका नंबरखाली चार-पाच वस्तू येऊन मिळतात. एकदम तीन गोष्टी बिघडल्या तर तीन बिघाड शोधत बसू नये; तिघांची वाट कुठे एक होते ते आधी बघावं. वर एकच फ्यूज निघाला तर तो, नाहीतर खाली अर्थ बॉडीला जोडणारा एकच नट.

गोव्यात तर नटावरच आधी संशय घ्यावा. जून ते सप्टेंबर गाडी ओलीच असते, आणि मिरामार, कळंगुट, कोलवा असल्या किनारपट्टीवर खारं वारं बाराही महिने. मीठ हवेतली ओल धरून ठेवतं. तांब्या-पितळेचं टर्मिनल, स्टीलची बॉडी आणि मधे खारट ओल एवढं जमलं की स्टील गंजायला लागतं. ५५ वॉटचा हॅलोजन बल्ब १२ व्होल्टवर सुमारे साडेचार अँपिअर घेतो, म्हणजे त्याचा रोध २.६ ओहमच्या आसपास. नटाखालच्या गंजाने त्यात नुसता अर्धा ओहम घातला तरी बल्बला १० व्होल्टच मिळतात, आणि प्रकाश जवळजवळ निम्मा होतो. चोर्ला घाटात पावसाच्या रात्री हा फरक चांगलाच जाणवतो. मग लोक बल्ब बदलतात. काही होत नाही.

मल्टिमीटरचा बीपही इथे फसवतो, अर्ध्या ओहमला तो खुशाल वाजतो. त्यापेक्षा लाइट चालू ठेवून मीटर डीसी व्होल्टवर लावावा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं बल्बच्या अर्थच्या पिनला. अर्थची पिन कोणती ते आकृतीत दिसतंच. ०.१ ते ०.२ व्होल्ट चालतील. वरच्या उदाहरणात दोन दिसतील.

अर्थ पुरता तुटला तर गंमत आणखी वाढते. ब्रेक दाबला की डॅशबोर्डच्या मीटरमधले दिवे मिणमिणतात, हा जुन्या गाड्यांतला नेहमीचा प्रकार. गॅरेजमध्ये त्याला 'वायरिंग शॉर्ट' म्हणून मोकळे होतात, पण आकृती समोर धरली की शॉर्ट कुठेच नाही हे दिसतं. मागच्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, ब्रेकसाठी २१ वॉट आणि टेललाइटसाठी ५ वॉट. दोघांचा अर्थ एकच. तो तुटल्यावर ब्रेकचा करंट २१ वॉटच्या फिलामेंटमधून येतो, खाली वाट नाही म्हणून ५ वॉटच्या फिलामेंटमधून उलटा वर चढतो आणि टेललाइटच्या वायरीवर येतो. त्याच वायरीवर पुढचे पार्किंगचे दिवे आणि मीटरचे बल्ब असतात. त्यांचे अर्थ शाबूत, त्यामुळे करंट त्यांच्यातून उतरतो आणि ते मंद पेटतात. बोट ठेवून ही वाट एकदा गिरवून बघा. दहा व्याख्यानांनी समजणार नाही एवढं त्यातून समजतं. एलईडी करंट उलटा जाऊ देत नाही, म्हणून नव्या गाड्यांत हे असंच्या असं दिसत नाही.

अजून एक. स्विच नेहमी पॉझिटिव्हच्याच बाजूला असतो असं धरून चालू नये. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचं बटण रिलेच्या कॉइलला अर्थ देतं, आणि दाराचा स्विच आतल्या दिव्याला. अशा बटणापाशी टेस्ट लॅम्प घेऊन पॉझिटिव्ह शोधणाऱ्याची दुपार तिथेच संपते.

आणि बाहेरून बसवलेले फॉगलॅम्प, मोठे हॉर्न, मागचा कॅमेरा यांच्या वायरी कुठल्याच आकृतीत नसतात. हार्नेसमध्ये आकृतीशी न जुळणारा रंग किंवा काळ्या टेपचा जोड दिसला तर आकृती बाजूला ठेवावी आणि ती वायर दुसऱ्या टोकापर्यंत हाताने चाचपत जावी.